पर्यायांत नसलेले गृहीतक

खरात सर,

पडेगावच्या विहारात, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मी तुमच्याविषयी जे बोललो त्यातले पहिलेच वाक्य चुकीचे निघाले. तुम्ही असता तर पेन्सिलीचे मागचे टोक टेबलावर ठोकून म्हणाला असता, "थांबा सर. हे कुठून आणलं?" पण समोर तुम्ही नव्हतात, तुमचा फोटो होता, आणि फोटो हरकत घेत नाही, अशा समजुतीत मी उभा होतो. हरकत घेतली गेली. ती तुमच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी घेतली.

माझे वाक्य असे होते: "खरात सर अत्यंत हलाखीतून वर आले, अर्धपोटी राहून, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून ते आदर्श शिक्षक झाले." ते मी घरी लिहून, वाचून, पुन्हा सुधारून आणले होते. इतकेच नव्हे, आदल्या दिवशी तेच वाक्य थोडे लहान करून पाट्या रंगवणाऱ्या शेख मियाँकडे देऊनही आलो होतो. औरंगपुऱ्यातल्या आपल्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गात तुमचा फोटो लावायचा आणि त्याखाली एक ओळ लिहायची असे ठरले आहे. ती ओळ मी द्यावी असे सर्वांनी सुचवले. एका टेबलाच्या दोन बाजूंना आपण दोघेच तर इतकी वर्षे बसलो होतो.

आक्का पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या. त्या शेजारणीशीच बोलल्या; पण देवगाव रंगारीच्या शिवारात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारलेला तो आवाज. सगळ्या सभेला ऐकू गेला.

"कोण उपाशी? आमचा बाळू? दुधावर साय नसली तर वाटी सरकवायचा त्यो."

"आक्का, हळू," शेजारीण म्हणाली.

"हळू कशाला? आन् रस्त्यावर दिवा कवा होता आपल्या गल्लीत? दिवा घरात होता. रस्त्यावर अभ्यासाला बसला असता तर म्हशीनं तुडवला असता."

लोक हसले. तुमच्या घरची माणसे डोळे पुसत हसली. त्या हसण्यात माझी चेष्टा नव्हती. त्यांना क्षणभर त्यांचा खरा बाळू परत मिळाला होता. मी कागदाची घडी घातली, राहिलेले भाषण खिशात ठेवले आणि खाली बसलो.

मी बाहेर चपला शोधत असताना तुमची लेक प्रज्ञा जवळ आली. "काका, आत्याचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "पण आजोबा हेडमास्तर होते. बाबांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही?"

"नाही."

"तुम्ही विचारलं नाही?"

मी दुसरी चप्पल शोधत राहिलो. तिने माझ्यासाठी थोडा वेळ वाट पाहिली, जशी तुम्ही फळ्यासमोर अडलेल्या विद्यार्थ्यासाठी पाहायचात. मग हळूच म्हणाली, "ती ओळ फोटोखाली नका लावू. आत्या कधी वर्गात आली तर तिला वाटेल, दुसऱ्याच कुणाचा फोटो आहे."

सर, मला लाज वाटली. ती कशाची, हे मी तुमच्याच पद्धतीने पायरीपायरीने मांडून पाहतो. नाहीतर ती नुसती हळहळ होऊन राहील आणि हळहळीला गुण नसतात, असे तुम्हीच सांगायचात.

आपला विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: बोलणारा जे बोलत नाही, पण जे खरे नसेल तर त्याचे बोलणे उभे राहात नाही, ते गृहीतक. स्पर्धा परीक्षेच्या पेपरात एक विधान देतात, त्याखाली दोन-तीन गृहीतके देतात, आणि त्यांतले कोणते विधानात दडलेले आहे ते विचारतात. मी हे क्लृप्त्यांनी शिकवायचो. 'फक्त' दिसले की संशय घ्या, 'सर्वच' दिसले की खोडा. मुलांना माझा तास आवडे, कारण हातात काहीतरी लगेच मिळे. तुम्ही एकच कसोटी शिकवायचात: गृहीतक उलटे करून ठेवा आणि मूळ विधान पडते का ते पाहा. पडले तर ते गृहीतक. नाही पडले तर ती तुमची समजूत.

तुमचा पहिला तास मला पाठ आहे. तुम्ही फळ्यावर लिहायचात, 'आज तरी नळाला पाणी येईल का?' आणि विचारायचात, यात काय धरून चाललो आहोत?

"काल आलं नाय सर," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे.

"परवाबी नाय," दुसरा.

"आमच्याकडं तर आठवडा झाला."

वर्ग हसे. या शहरात त्या उत्तरासाठी अभ्यास लागत नाही. तुम्ही मात्र गंभीरपणे म्हणायचात, "कालचं बरोबर आहे. परवाचं आणि आठवड्याचं या वाक्यात नाही, तुमच्या मनात आहे. गृहीतक आणि गाऱ्हाणं वेगवेगळं ठेवा." मी दाराबाहेर माझ्या तासाची वाट पाहात उभा असे आणि मनात म्हणे, माणसाने किती कष्टाने ही स्वच्छता मिळवली असेल. पाहा, तिथेही ते 'कष्टाने' मीच घातले होते. तुम्हाला ती स्वच्छता न्याहारीबरोबर मिळाली असेल, हे माझ्या डोक्यात कधी आले नाही.

आपली सराव पेपर काढण्याची रीत आठवते ना? एकाने विधान आणि गृहीतके लिहायची, दुसऱ्याने उत्तरसूची न पाहता सोडवायची. उत्तरे जुळली तर प्रश्न छापायला. नाही जुळली तर चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. शनिवारी चहाबरोबर तो डबा उघडायचा आणि भांडायचे. "भांडण डब्यात, चहा बाहेर," हे तुमचे वाक्य. त्या डब्यातले बहुतेक वाद मिटले. एक मिटला नाही आणि आज मला तोच सर्वांत जास्त छळतो आहे.

त्याच्या आधीची हकिकत सांगावी लागेल. माझे वडील बिडकीनजवळच्या आमच्या गावाहून मला भेटायला आले होते. माझा तास होता, म्हणून परत जाताना मी त्यांना रिक्षात बसवून बसस्थानकावर पाठवले. तुम्ही एका पाहुण्याला कन्नडच्या गाडीत बसवायला तिथे गेला होतात. तुम्हाला ते भलत्याच फलाटावर बसलेले दिसले. पैठणकडे जाणाऱ्या गाड्या पलीकडून सुटत होत्या आणि ते शांतपणे अलीकडे वाट पाहात होते. पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. त्यांना वाचता येत नव्हते आणि विचारायची त्यांना भीड वाटत होती. तुम्ही त्यांना गाडीत बसवले, कंडक्टरला सांगितले, खिडकीतून केळी दिली आणि मला दुसऱ्या दिवशी फक्त इतकेच सांगितले, "आप्पा भेटले होते. गप्पा झाल्या." बाकीचे मला घरून कळले.

पुढच्या शनिवारी आपण पेपर काढत होतो. विधान मी लिहिले होते, बसस्थानकावरच्या पाटीचे: 'पैठणकडे जाणाऱ्या प्रवाशांनी पलीकडच्या फलाटावर थांबावे.' गृहीतके दोन. (अ) काही प्रवाशांना पैठणकडे जायचे असते. (ब) पैठणकडे जाणारी बस त्या फलाटावर लागते. तुम्ही खाली तिसरे लिहिले. (क) प्रवाशांना वाचता येते.

मी ते खोडले. "सर, हे इतकं उघड आहे की कुणी विचारत नाही."

"उघड आहे ते कुणाला?"

"पेपर देणाऱ्याला. त्याला वाचता येतं म्हणून तर तो पेपर देतो."

"पेपर देणाऱ्याला नव्हे, पाटी लावणाऱ्याला विचारा," तुम्ही म्हणालात. "सगळ्यात जवळचं गृहीतक पर्यायांत कधी नसतं सर. आपण मुलांना दिलेली गृहीतकं तपासायला शिकवतो. न दिलेली शोधायला कधी शिकवणार? एखादा तास पर्यायांशिवाय घेऊन बघा."

मला वाटले, तुम्ही माझ्या वडिलांना प्रश्नपत्रिकेत आणता आहात. मी जरा जोरानेच म्हणालो, "अभ्यासक्रम संपत नाही सर. आणि परीक्षा आमचे आप्पा देत नाहीत."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. चिठ्ठी डब्यात टाकलीत. त्यानंतर दर काही महिन्यांनी ती वर यायची, आपण ती वाचायचो, आणि "राहू द्या आज" असे म्हणून पुन्हा आत ठेवायचो. ते म्हणणारा बहुधा मीच असे.

आता मुख्य गोष्ट. मी आपल्या वर्गात नवीन आलो त्याच आठवड्यात तुम्ही मला विचारले होते, "सर, तुमच्या घरी वाचायला काय यायचं?"

मी म्हणालो, "खताच्या पिशव्या."

दुसरा कुणी असता तर हसला असता, किंवा चुकचुकला असता. तुम्ही विचारलेत, "त्यांवर काय लिहिलेलं असायचं?" आणि मी सांगत गेलो. पिशवीवरचे मोठे आकडे, कोरड्या जागी ठेवण्याची सूचना, लहान अक्षरांतला पत्ता. अक्षरे जुळवायला मी त्या पिशव्यांवर शिकलो, हे मी तोवर कुणालाही सांगितले नव्हते. मला त्याची शरम वाटत असे. तुम्ही ऐकलेत अशा रीतीने की ती शरम निघून गेली, आणि त्या जागी थोडा अभिमान आला. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. ते आज मानतो.

पण तो प्रश्न मी तुम्हाला उलटून विचारला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. कारण उत्तर मला माहीत आहे असे मी धरून चाललो. तुमचे आडनाव, तुमचे गाव, आणि दारातून निघताना तुम्ही म्हणत असलेला 'जय भीम': एवढ्या सामग्रीवर मी तुमचे सगळे बालपण लिहून काढले. त्यात उपासमार घातली. रस्त्यावरचा दिवा घातला. तो दिवा मी कुठे वाचला, कुणाच्या गौरवपर भाषणात ऐकला, मला आठवत नाही. तुमच्या तोंडून तो मी कधीही ऐकला नाही. आणि पुरावा माझ्या समोर रोज दुपारी उघडला जात होता. जेवणाच्या डब्यातली मेथी बाजूला सारणारा, भाताला कालच्या फोडणीचा वास येतो म्हणून झाकण लावणारा माणूस अर्धपोटी वाढला असेल, हे अनुमान मी तर्काच्या कोणत्या नियमाने काढले?

हलाखी होती ती माझ्या घरी. शाळेची पायरी चढलेला आमच्या घरातला पहिला मी. तुमचे वडील हेडमास्तर, माझे वडील पाटीखाली बसून राहणारे. तरी तुमच्याकडे पाहताना मी स्वतःला वरच्या पायरीवर उभे केले, आणि तिथून तुमचे कौतुक केले. तुच्छतेने केले असते तर तुम्ही मला लगेच पकडले असते. मी ते आदराने केले, म्हणून तुम्हालाही बोलणे अवघड गेले असेल.

बोलला होतात तुम्ही. दर वर्षी नव्या तुकडीला मी तुमची ओळख 'संघर्षातून आलेले सर' अशी करून द्यायचो आणि तुम्ही तेवढा वेळ फळा पुसत राहायचात, फळा स्वच्छ असला तरी. एका वर्षी तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "सर, माझी ओळख मीच करून देत जाईन." मी तुमच्या विनयाचे कौतुक करत घरी गेलो.

विहारातून परतल्यावर दुसऱ्या दिवशी माझा तास होता. मी खडू घेतला आणि माझे ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले. तुमच्या नावाच्या जागी 'अमुक सर' लिहिले. खाली पर्याय दिले नाहीत.

वैष्णवी, जी तुम्हाला प्रत्येक तासानंतर अडवायची, तिने विचारले, "सर, गृहीतकं लिहायची राहिली."

"राहिली नाहीत. ती तुम्ही शोधायची."

थोडी कुजबुज झाली. "हलाखी होती," एकजण म्हणाला. मी सांगितले, ती विधानातच लिहिली आहे. लिहिलेले ते गृहीतक नव्हे, न लिहिलेले शोधा. मग हळूहळू हात वर येऊ लागले. अशा घरातून आलेला माणूस हलाखीतूनच येतो, असे धरले आहे. पोटभर जेवून शिकलेल्या माणसाचे कौतुक करायचे कारण नसते, असे धरले आहे. प्रत्येक उत्तर मी तुमच्या कसोटीला लावत होतो आणि प्रत्येक उत्तर माझ्यावर येऊन पडत होते.

सोहेल शेवटच्या बाकावर पाय लांब करून बसला होता. "सर, एक राहिलं," तो म्हणाला.

"बोल."

"बोलणाऱ्याला माहिती आहे, हे धरलंय. हे सगळं त्यानं बघितलं, नाहीतर विचारलं. उलटं करून बघा ना. त्याला काहीच माहिती नाही असं धरलं, तर पूरा वाक्य गिर जाता सर."

उत्तर अचूक होते. सर, मला त्या क्षणी बसस्थानकाची पाटी दिसली. पाटी लावणाऱ्याला स्वतः वाचता येते, म्हणून त्याला (क) दिसत नाही. बोलणाऱ्याला वाटते आपल्याला माहीत आहे, म्हणून त्यालाही ते दिसत नाही. तुमचा (क) मी इतकी वर्षे खोडत होतो, आणि तोच माझ्या वाक्याच्या पायाखाली होता.

"सर, हे वाक्य कुणाचंय?" वैष्णवीने विचारले.

"माझं," मी म्हणालो. "खरात सरांविषयी."

मग आम्ही मिळून ते खोडत गेलो. हलाखी गेली. अर्धे पोट गेले, दिवा गेला. "आदर्श ठेवू या सर," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "मग बाकीचे सर काय?" सोहेलने माझ्याकडे बोट न दाखवता विचारले, आणि वर्ग हसला, मीही. आदर्शही गेले. मग 'वर आले' हेही खोडले. शेवटी फळ्यावर जे उरले ते मी कागदावर उतरवून त्याच संध्याकाळी शेख मियाँकडे नेले.

त्यांनी ब्रश पुसत वाचले. 'खरात सर. या वर्गात शिकवत.'

"बस, एवढंच? सर, जागा लई उरते."

"उरू द्या."

"नक्षी काढू का भोवती?"

"नको. मोकळीच ठेवा."

मला तुमची क्षमा मागायची आहे, पण तुमच्या समोर नुसती क्षमा मागून भागत नाही. तुम्ही विचाराल, यात काय धरून चालला आहात? हेच की मागितली म्हणजे मिळते. ते मी धरत नाही. फलाटाचा प्रश्न या वेळच्या सराव पेपरात गेला आहे. (क) सहित. उत्तरसूचीत तो दडलेल्या गृहीतकांमध्ये धरला आहे. वाद तुम्ही जिंकलात, हे सांगायला उशीर झाला.

त्या तासाच्या शेवटी वैष्णवीने आणखी एक प्रश्न विचारला होता. "मग सर, लहानपणी खरात सर खरे कसे होते?" मी फळा पुसत होतो. फळा स्वच्छ झाला होता तरी पुसत होतो. मग वळून सांगितले, "मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

म्हणून रविवारी मी देवगावला गेलो. प्रज्ञाने पत्ता सांगितला होता. आक्का ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला. "या सर. वाईट वाटून घेतलं का त्या दिवशी? माझं तोंडच असलं हाय."

"नाही आक्का. तुमचंच बरोबर होतं."

"ते तर हायच."

मी खाली बसलो. येताना बसमध्ये मी बरेच काही जुळवले होते. त्यातले काहीच उपयोगाचे वाटले नाही. मग तुमचाच प्रश्न, तुमच्याच शब्दांत विचारला.

"आक्का, तुमच्या घरी वाचायला काय यायचं?"

त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, जणू मी आत्ताच आलो होतो.

"आता इचारतोस व्हय?" त्या म्हणाल्या. सूप थोडे माझ्याकडे सरकवले. "घे, फोड. लई हाय सांगायला."